आमचे संरक्षण, त्यांची मजुरी

सेवेत असताना राज्यघटनेचा ३११वा अनुच्छेद आम्हांस तोंडपाठ होता. चौकशीवाचून आम्हांस सहसा बडतर्फ करता येत नसे. श्रमिकांच्या निर्वाह-वेतनाचा ४३वा अनुच्छेद मात्र मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे ३७व्या अनुच्छेदान्वये न्यायालयाच्या कक्षेबाहेर. तथापि १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरी ही २३व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठबिगारीच ठरविली. तो निकाल आम्ही वाचला होता. तरी हजेरीपटावर अंगठे उमटविणाऱ्यांपैकी एकासही ‘पैसे पूर्ण मिळाले का?’ असे आम्ही विचारले नाही. कागद चोख होते (आमची ढाल हीच). चौकशी झालीच असती, तर आम्ही निर्दोष सुटलो असतो. त्या मजुरांस साक्षीसाठी कोणी बोलाविलेही नसते.