शिक्षक कोणता नेमावा?

यहुदी शाळेत मुले कोणाच्या हाती द्यावीत, हा वाद फार जुना आहे. तालमुदात ‘बावा बाथ्रा’ या भागात सांगितले आहे की एका शिक्षकाकडे २५ मुले असावीत. ४० झाली तर गावाच्या खर्चाने मदतनीस द्यावा. पण शिक्षक कोणता? भराभर पुष्कळ शिकवणारा की थोडे पण बिनचूक शिकवणारा? चौथ्या शतकातील बाबिलोनियाचे धर्मगुरू रावा म्हणाले, पहिला. चूक आपोआप सुधारते. नेहार्देआचे राव दिमी म्हणाले, दुसरा. चूक एकदा शिरली की शिरलीच.

वाचकहो, मला दिमींचे पटते. चुकलेला पाढा परीक्षक तरी पकडेल. पण शाळेतल्या बाईंनी, कारकुनाने किंवा शिपायाने फी थकलेल्या मुलाला सर्वांदेखत उभे केले, तर बाकीची मुले त्यातून जे शिकतात, तो पेपर कोण तपासणार?