खोली घेताना बोळ बघ

॥ श्री ॥

जत,
ता. ६ ऑक्टोबर

चि. सौ. राजश्रीस,


आक्काशी फोनवर बोलणं झालं. तुम्ही चौघं, म्हणजे तुम्ही दोघं आणि तुझे सासू-सासरे, डिसेंबरात मुंबईहून लक्षद्वीपला बोटीनं निघालाय हे ऐकून बरं वाटलं. बाल्कनीची खोली घ्यायची की बिनखिडकीची, यावर तुमच्या घरी खल चाललाय म्हणे. माझी सगळी नोकरी प्रवासी जहाजांवर खोल्या आवरण्यात गेली, म्हणून आक्कानं हे काम माझ्याकडं दिलं. आता डाळिंबाच्या बागेत बसून लिहितोय, पण जहाजाचा बोळ अजून डोळे मिटून चालून जाईन.

खिडकीचा वाद बाजूला ठेव. खोली जहाजात कुठं आहे, ते आधी बघ. तुमची ती 'एम्प्रेस' १९९० साली फ्रान्समध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून बांधली, २०२१ पासून मुंबईहून फिरते. लांबी दोनशे मीटरहून जास्त. त्या काळच्या जहाजांत बाल्कनीच्या खोल्या मुळातच थोड्या, त्यामुळं त्यांचा भाव चढा. तेवढे पैसे असतील तर जरूर घ्या. पण वर पोहण्याचा तलाव आणि खाली नाचगाणं अशी बाल्कनीची खोली घेण्यापेक्षा मधल्या मजल्यावरची साधी खोली दहापट बरी.

एजंटाकडून मजल्यांचा नकाशा माग. 'डेक प्लॅन' म्हण, त्याला कळेल. आपली खोली शोध आणि मग तिच्या डोक्यावर काय आहे, पायाखाली काय आहे, ते दुसऱ्या मजल्यांचे नकाशे लावून बघ. वरही खोल्या, खालीही खोल्या, अशी जागा सगळ्यांत शांत. तलावाच्या डेकखाली असलात तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज ऐकत उठाल. नकाशात एखादी जागा कोरी, पांढरी सोडलेली असेल तर तिथं भांडार असतं, नाहीतर नोकरवर्गाचा जिना किंवा ट्रॉल्या ठेवायची जागा. त्याला लागून खोली घेऊ नकोस. आम्ही पहाटेच ट्रॉल्या बाहेर काढायचो. कितीही हळू ढकलली तरी चाक वाजतंच.

सासूबाईंना एसटीच्या मागच्या सीटवरसुद्धा मळमळतं ना? मग जहाजाच्या लांबीच्या मध्यावर, जमेल तितकं खाली. पुढच्या टोकाला वरखाली जास्त होतं, शिवाय नांगर टाकताना साखळीचा खडखडाट. लक्षद्वीपला मोठं जहाज बेटाला लागत नाही, बाहेर उभं राहतं आणि लहान होड्यांतून नेतात, तेव्हा हा प्रसंग येऊ शकतो. अगदी मागच्या टोकाला इंजिनाची थरथर. डिसेंबरात अरबी समुद्र पावसाळ्यासारखा खवळलेला नसतो, तरी वयस्कर माणसाच्या पोटाची परीक्षा कशाला घ्या.

आता बोळाचं. आपल्या जतच्या जुन्या घरात गल्लीतून माणूस आला तर आधी सोप्यात बसतो, माजघर त्याला दिसत नाही. जहाजाच्या खोलीला सोपा नसतो. दार उघडलं की दोन पावलांवर पलंग, आणि बाहेरच्या अरुंद बोळातून दिवसभर माणसं येत-जात असतात. काही जहाजांवर बाथरूमचं दार बाहेर उघडतं, ते उघडं ठेवलं की थोडा आडोसा होतो. तसं आहे का ते गेल्यागेल्या बघ. खोली लिफ्टच्या अगदी तोंडावर नको. तिथं लोक वाट बघत उभे राहतात, आणि आपली माणसं उभी राहिली की गप्प राहात नाहीत. सासऱ्यांचे गुडघे लक्षात घेऊन लिफ्टपासून सात-आठ दारांवर घे. तेवढं चालणं होतं आणि गर्दीही मागं राहते.

सफाईवाला दार वाजवतो, नाव सांगतो, जरा थांबतो आणि मास्टर कार्डानं उघडतो. हे त्याचं कामच आहे, त्याच्यावर चिडू नका. आतली कडी लावायची आणि 'त्रास देऊ नये'ची पाटी बाहेर लावायची, हे दोन्ही करा. नुसती पाटी लावून निर्धास्त झालेली जोडपी मी पाहिली आहेत. पाटी उलटी लागली की तीच 'खोली आवरा' सांगते. कोणाच्या दारातून काय दिसलं हे आम्ही विसरून जायचो, विसरणं हा धंद्याचाच भाग. पण बोळातून जाणारा प्रवासी विसरतोच असं नाही.

एजंट म्हणे मधल्या दाराच्या दोन खोल्या देतोय, 'फॅमिलीला सोयीचं' म्हणून. लहान मुलं असती तर मीही हो म्हटलं असतं. तुम्हाला नको. ते मधलं दार भिंतीपेक्षा पातळ असतं. पलीकडचं खोकणं, घोरणं, फोनवरचं बोलणं सगळं ऐकू येतं. तू फक्त तुमच्या दोघांचा विचार करत असशील, पण सासूबाईंचंही बघ. घरी त्यांची स्वतःची खोली आहे. अंबाडा सोडून, गाउन घालून पाय पसरायची त्यांना सवय असणार, आणि सून भिंतीपलीकडं आहे म्हटल्यावर त्या तीन दिवस नऊवारीत अवघडून बसतील. त्यांना हे तोंडानं म्हणवणार नाही. म्हणून त्याच मजल्यावर, त्याच बाजूला, चार-पाच दारं सोडून खोली घे. रात्री काही लागलं तर खोलीतल्या फोनवरून बोलवतील. आणि हे एजंटानं सांगितलं असं म्हणू नकोस, मी सांगितलं असं सांग. माझ्यावर राग धरला तरी चालेल.

बाजू कुठली? मुंबईहून दक्षिणेला जाताना जहाजाच्या तोंडाकडं पाहून उजवा हात पश्चिमेला, म्हणजे सूर्यास्त त्या बाजूला. परतताना तो डावीकडं. खिडकीची खोली घेतलीत तर समोर जीवरक्षक होडी टांगलेली नाही ना, ते विचार. फिरायच्या डेकवर उघडणारी खिडकी असेल तर दिवसा आतलं दिसत नाही, पण रात्री आत दिवा लागला की उलट होतं, बाहेरच्याला सगळं दिसतं. पडदा आधी, दिवा नंतर. बाल्कनीतही आडोसा आहे असं समजू नकोस. वरच्या मजल्यावरून आणि कप्तानाच्या ब्रिजच्या टोकावरून बऱ्याच बाल्कन्या दिसतात.

'गॅरंटी' खोली स्वस्त मिळते म्हणून भुलू नकोस. तिच्यात खोलीचा प्रकार तुमचा, नंबर कंपनी ठरवते. मग इतका वेळ मी लिहिलं ते पाण्यात.

दोन बारीक गोष्टी. खोलीचं दार जड असतं आणि आपोआप मिटतं. बाल्कनीचं दार उघडं असलं तर वाऱ्यानं आपटतं. हात धरून लाव. खोलीच्या दारात चप्पल अडकवून ते उघडं ठेवायचं नाही, ते आगीसाठीचं दार आहे. आणि सासूबाईंना आत्ताच सांग, निरांजन, उदबत्ती घेऊ नका म्हणावं. धूर झाला की घंटा होते आणि मग अख्खा बोळ तुमच्या दारात गोळा. घरून बॅटरीचा दिवा ने, देवाला चालतो.

ग्रुपनं आलेल्यांचं वेगळंच. पत्ते, फरसाणाचे डबे, बोळात मांडी घालून गप्पा. आपल्या लोकांना बोळ दिसला की ओटा वाटतो, त्याला इलाज नाही. तुमच्या दाराशी असे बसले तर भांडू नका. आवरणाऱ्या पोराला सांगा, तो गोडीत उठवतो. त्याच्याशी पहिल्याच दिवशी नावानं बोल, गाव विचार. मग बघ तुमचं दार किती वेळा वाजतं ते.

नकाशा हातात आला की फोटो काढून मला पाठव, पैसे भरायच्या आधी. मी खुणा करून परत पाठवतो. सासऱ्यांना नमस्कार सांग. यंदा म्हैसाळ योजनेचं पाणी बागेला वेळेवर आलं तर नाताळाच्या सुमारास डाळिंब निघेल, परतीच्या वाटेवर एक पेटी घेऊन जा.

तुझा,
अण्णामामा