तुळईतलं झाड

थांबा. आत आलो आहोत, एवढं पुरे.

खांदे सैल सोडा. हातात काही असेल तर खाली ठेवा.

आपण लंडनमध्ये आहोत. केन्सिंग्टन गार्डन्स या बागेत, सर्पेंटाइन कलादालनाच्या जुन्या इमारतीत. १९३४ साली ती बांधली ती बागेत फिरायला येणाऱ्यांच्या चहापानासाठी. आता इथे जुझेप्पे पेनोने या इटालियन शिल्पकाराचं एकल प्रदर्शन आहे, २०२५च्या उन्हाळ्यातलं. तारखेने पाहिलं तर ते उतरवून झालंय. पण आपण मनाने आलोय. आपल्याला कुणी अडवत नाही.

श्वास घ्या. नाकाने, सावकाश.

पानांचा वास येतो का? भिंतींना जाळी लावली आहे आणि जाळीमागे लॉरेलची पानं दाबून भरली आहेत. तमालपत्राच्या कुळातलंच हे झाड. वास कोरडा, किंचित कडवट, घशाच्या वरच्या भागात रेंगाळणारा.

रेंगाळू द्या.

पण पानांपाशी मुक्काम नको. आपल्याला लाकडापाशी जायचं आहे.

चार पावलं. हळू.

समोर लाकडं उभी आहेत. त्यातलं एकच निवडा. कुठलंही चालेल.

आधी त्याच्या कडेकडे पाहा. कड सरळ आहे. कोपरा काटकोनात आहे. ही तुळई आहे, वखारीत मिळते तशी. यंत्राने चिरलेली, चारही बाजूंनी सारखी केलेली. ती कधी झाड होती हे विसरून गेलेली.

आता नजर कडेवरून आत घ्या.

आत एक झाड आहे.

बारीक खोड. मनगटाएवढं, कुठे त्याहूनही कमी. खोडाला आखूड फांद्या. तुळईच्या पोटात पोकळी कोरली आहे, आणि त्या पोकळीत ते उभं आहे.

पाहत राहा. काही समजून घ्यायची घाई नाही.

हे झाड बाहेरून आणून आत बसवलेलं नाही. ते तिथेच होतं. त्याच्याभोवतीचं लाकूड तेवढं पटाशीने काढलं आहे.

पुन्हा एक श्वास.

आता तुळईच्या न कोरलेल्या भागावर गाठ शोधा. एक तरी असेलच. गडद, वाटोळी, तांबूस कडांची.

गाठीवर नजर ठेवा. तिथेच राहा.

सुताराला गाठ नको असते. रंधा तिच्यावर अडतो, पटाशीची धार बोथट होते, गाठाळ फळीला भाव कमी मिळतो. आणि पेनोने गाठींवरूनच वाट काढतात. कारण गाठ म्हणजे फांदीचा बुडखा. फांदी कोवळ्या खोडाच्या अगदी मध्यातून फुटते. मग खोड दर वर्षी जाड होत जातं, आणि फांदीचा तेवढा भाग त्यात बुडत जातो. बाहेरची फांदी वाळो, मोडो, कुणी तोडो. आत बुडालेली तशीच राहते. गाठीच्या मागोमाग लाकडात उतरलं की फांदी भेटते. फांदीमागून गेलं की खोड.

मनानेच उतरा. गाठीतून आत.

एक थर.

आणखी एक.

इथे थांबा.

तुळईच्या टोकाशी जा आणि थोडं वाका. कापलेल्या तोंडावर वलयं दिसतात. फिकट पट्टा, मग गडद रेघ. फिकट पट्टा, मग गडद रेघ. लार्च किंवा फरच्या लाकडात ही जोडी स्वच्छ दिसते. फिकट भाग वसंतातल्या भराभर वाढीचा, गडद भाग उन्हाळा सरतानाच्या संथ वाढीचा. दोन्ही मिळून एक वर्ष.

फिकट पट्ट्यावर श्वास आत घ्या.

गडद रेघेवर सोडा.

पुढचा फिकट पट्टा. आत.

गडद रेघ. बाहेर.

आपल्या सागालाही अशी वलयं असतात. पुण्यात, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा माग काढतात. मोजदाद त्यांच्यावर सोडू. आपण नुसते श्वासाबरोबर राहू.

एका श्वासाला एक वर्ष. बाहेरून आत.

आता विचारा, मोठ्याने नको: कुठल्या वर्षाशी थांबायचं?

पेनोनेंना हे दर वेळी ठरवावं लागतं. टोकाशी एक वलय निवडायचं आणि तुळईच्या लांबीभर तेच धरून ठेवायचं. पटाशी एका जागी खोल गेली तर ती धाकट्या झाडात शिरली. वरच राहिली तर झाड अजून थोरलं आहे. १९६९ साली त्यांनी पहिल्यांदा अशी तुळई कोरली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, आणि झाडाच्या बाविसाव्या वर्षाशी ते थांबले.

तिथे थोडं थांबा. बावीस वर्षांचा एक माणूस आणि त्याच्यासमोर बावीस वर्षांचं एक झाड.

दोघांपैकी कुणीही बोलत नाही.

पुढे १९८०च्या सुमारास त्यांनी लार्चची बारा मीटरची तुळई घेतली. ती आता लंडनच्याच टेट संग्रहात आहे. दोन भागांत, सरळ उभी. तिच्यातही खालचा थोडा भाग चौकोनी ठेवला आहे. माझं मन अशाच कामांवर बसतं, जिथे तुळई बरीचशी तुळईच राहिली आहे. झाड पुरतं मोकळं केलं की ते सुंदर दिसतं खरं, पण मग ते कुठून निघालं हे नजरेला शोधावं लागत नाही.

नजर पुन्हा खोडावर आणा.

गुडघ्याच्या उंचीवर एखादी फांदी दिसते का? ती नेहमी तिथेच होती. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. खालची फांदी जिथे फुटली त्याच उंचीवर राहते, झाड कितीही वाढो.

स्वतःच्या गुडघ्यापाशी हात न्या. ही उंची लक्षात घ्या.

१९६८ साली, गारेस्सिओ या आपल्या जन्मगावाजवळच्या रानात, पेनोनेंनी एका कोवळ्या झाडाला धातूचा हात बसवला. त्यांच्याच हाताच्या आकाराचा, खोड मुठीत धरलेला. झाड वाढत राहिलं, मुठीच्या वर आणि मुठीच्या खाली. मुठीची जागा मात्र तेवढीच राहिली. खोड हळूहळू बोटांना वेढू लागलं.

तुमचीही मूठ वळा. सैलसर. आत काहीतरी बारीक, गोल, थंड आहे असं धरा.

ते जाड होतंय. फार हळू. या श्वासात काही कळणार नाही. पुढच्याही नाही.

धरून राहा.

आता सोडा.

बोटं उघडी ठेवूनच भिंतीकडे वळा. मनाने येण्याचा हाही एक फायदा: दुसरीकडची कामं आपल्या भिंतीवर लावता येतात. पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात आणि फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात पेनोनेंची पुष्कळ रेखाटनं आहेत. त्यांच्या रेखाटनांत एक जात मला फार जवळची वाटते. कागदावर बोटाचा एक शाईचा ठसा. नखाएवढा. आणि त्याच्या रेषा जिथे संपतात तिथून हाताने काढलेल्या रेषा सुरू होतात. एकीबाहेर दुसरी, दुसरीबाहेर तिसरी. वाढत, पसरत, सगळा कागद व्यापत.

दुरून हे झाडाचं कापलेलं खोड दिसतं.

जवळ जा.

प्रत्येक रेघ आधीच्या रेघेला धरून चालते. आधीच्या रेघेला जिथे बाक आहे, तिथे हीही वाकते. हात एके ठिकाणी जरासा हलला असेल, तर ते हलणं पुढच्या रेघेत उतरतं, तिच्या पुढच्या रेघेतही. एक हेलकावा शोधा आणि बोट न लावता, नजरेनेच, तो कडेपर्यंत सोडून या.

तुळईत हात बाहेरून आत गेला होता. कागदावर तो आतून बाहेर चालला आहे.

दोन्हीकडे हात तोच. दोन्हीकडे एकाच रेघेवर राहायचं.

आता स्वतःचा अंगठा डोळ्यांजवळ धरा. उजेडाकडे वळवा, म्हणजे रेषा दिसतील.

इथे मी जरा अडखळतो. झाडाची वलयं वर्षागणिक वाढतात. अंगठ्यावरच्या या रेषा जन्माआधीच आखल्या गेल्या आणि त्यानंतर त्यांची ठेवण बदललेली नाही. म्हणजे झाडाच्या रेघा वर्षं सांगतात, आपल्या सांगत नाहीत. दोन्ही दिसायला मात्र इतक्या सारख्या, की पेनोनेंनी त्या एकाच कागदावर आणल्या याचं नवल वाटत नाही. हे कोडं मला सुटलेलं नाही. सुटावं अशी घाईही नाही.

अंगठ्याकडे पाहत राहा.

मधली सगळ्यात लहान रेघ कुठली?

ती सापडली की तिच्याबाहेरची.

मग तिच्याबाहेरची.

हात खाली घ्या. मान मोकळी करा. पाय जड झाले असतील, ते आळीपाळीने हलवा. दालनात बसायला जागा असेल तर थोडं बसा.

रांगेत आणखी लाकडं आहेत. उठाल तेव्हा त्यांतल्या एकापाशी जा. आधी कड पाहा, मग गाठ, मग टोकाशी वाका. या वेळी वलय तुम्हीच निवडा. मी काही सांगत नाही.