स्थूल दृष्टि आणि झीज

जगांतील झीज खरी, कीं पाहणाराच्या दृष्टीचा दोष? अमेरिकन शास्त्रज्ञ गिब्ज ह्यानें १९०२ सालच्या ग्रंथांत द्रवांत ढवळलेल्या रंगाचा दाखला दिला आहे. सूक्ष्म दृष्टीला रंगाचे तंतु द्रवाहून निराळेच राहतात. स्थूल दृष्टीला मात्र सर्वत्र एकच छटा दिसते, आणि एन्ट्रॉपी वाढली असें ठरतें. मग झीज ही अज्ञानाची छायाच म्हणावी काय?

डोकीवर ओझें घेऊन स्तब्ध उभ्या असलेल्या हमालाकडे पहा. केवळ त्याची जागा पाहणारास तेथें कांहींच घडत नाहीं. आंत स्नायू मात्र अन्न जाळून उष्णता बाहेर टाकीत असतात. समतोलापासून दूर राहून अखंड चालणाऱ्या अशा व्यवस्थांत, अनेक सूक्ष्म अवस्थांची एकच मोट बांधून केलेला एन्ट्रॉपीच्या उत्पत्तीचा हिशेब खऱ्याहून अधिक कधींच निघत नाहीं; बहुधा कमीच भरतो.

म्हणजे जी दृष्टि एके ठिकाणीं झीज दाखविते, तीच दुसरीकडे ती झांकते. स्थूलपणें पाहिल्यावांचून माणसाचें चालत नाहीं. तो अपराध नव्हे. दिसलेल्या खर्चालाच संपूर्ण खर्च मानणें हा अपराध होय. हमालाची मजुरी ठरविणारानें तरी हें विसरूं नये.