न वाजलेली स्वरलिपी

१९७७ साली 'अमर अकबर अँथनी' हा चित्रपट आला आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोहोचले. ते एका हाडामांसाच्या संगीतकाराचे नाव आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

गोन्साल्विस १९२७ साली गोव्यातील माजोर्डा येथे जन्मले. वडील तेथील चर्चमध्ये गायनाचे गुरू; त्यामुळे स्वरलिपी त्यांना लहानपणीच वाचता येऊ लागली. १९४३ मध्ये ते नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक झाले. प्यारेलाल व राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. (ते गाजलेले गीत म्हणजे प्यारेलाल यांनी वाहिलेली गुरुदक्षिणाच.) परंतु त्यांचा ध्यास निराळा होता: आपला राग सिंफनीच्या घाटात बसविणे. राग एका सुरावटीतून उलगडतो; सिंफनीत अनेक सुरावटी एकाच वेळी चालतात. त्यांचा मेळ घालताना रागाचे रूप बिघडू द्यायचे नाही, हे काम सोपे नव्हे. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभरावर वादकांनी त्यांच्या रचना वाजविल्या. लता मंगेशकर व मन्ना डे गायले. पुढे ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, परतून माजोर्ड्यास स्थिरावले आणि २०१२ साली वारले. दरम्यान त्या रचना क्वचितच कोणाच्या कानी पडल्या.

आमच्या झाडीपट्टीत सुगीनंतर रात्रभर नाटके चालतात. तेथील पेटीवाल्याचे नाव कोणी विचारीत नाही, पण त्याचे सूर सारा गाव ऐकतो. गोन्साल्विस यांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. दोघांत भाग्यवान कोण? आम्ही तरी पेटीवाल्याच्या बाजूने कौल देऊ.

मग गोन्साल्विस यांचे देणे वाया गेले काय? मिळालेले धन मातीत पुरणाऱ्या चाकराचा दाखला वाचकांना आठवेल. पण तो चाकर भ्याला होता. यांनी तर शंभर माणसे जमविली. कोणी म्हणेल, त्यांनी मुंबई सोडावयास नको होती. असेलही. तथापि चित्रकार आपले चित्र एकटा पुरे करतो, संगीतरचनेचे तसे नाही. तिला वादक हवेत, तालमी हव्यात, खर्च सोसणारे हवेत आणि शांतपणे बसणारे श्रोते हवेत. यांतले काहीच ज्याच्या हाती नाही, त्या एकट्याकडून हिशेब कसा मागावा?

आपल्या लग्नसमारंभांत ते गीत आजही वाजते आणि आपण हौसेने नाचतो. त्या नावाच्या माणसाने स्वतः काय रचले, हे ऐकावे असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले?