देहाची ठेव आणि अंतकाळ

१२ जानेवारी १९६७ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जेम्स बेडफर्ड नावाचे मानसशास्त्राचे एक प्राध्यापक कर्करोगाने निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दहन अथवा दफन झाले नाही; तो गोठवून ठेवण्यात आला. पुढे केव्हातरी या रोगावर उपाय सापडेल, गोठलेल्या देहात पुन्हा चेतना आणण्याची विद्या साध्य होईल, आणि तोवर देह टिकला तर मनुष्य उठून बसेल, अशी यामागील आशा. रॉबर्ट एटिंगर या अध्यापकांनी ग्रंथ लिहून या कल्पनेचा प्रसार केला. २०११ साली ते वारले तेव्हा त्यांचाही देह याच रीतीने ठेवला गेला. आज ॲरिझोना व मिशिगन या राज्यांतील दोन संस्थांकडे असे शेकडो देह आहेत. त्यांतील एकही अद्याप उठलेला नाही.

या आशेला हसणे सोपे आहे. परंतु अशा करारावर सही करणारा मूर्खच असतो असे नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्राची उपमा ज्याला मुखोद्गत आहे, त्याचाही हात आप्ताच्या चितेला अग्नी देताना कापतो. तेव्हा उपहास बाजूस ठेवून, हा करार संसारी माणसाकडून प्रत्यक्षात काय मागतो ते पाहणे बरे. परदेशी वसलेल्या एखाद्या हिंदू गृहस्थापुढेही हा प्रश्न उभा राहू शकतो.

प्रथम द्रव्य. मिशिगनमधील संस्था किमान २८,००० डॉलर घेते. देह तेथवर नेण्याचा व मृत्यूसमयी हजर राहणाऱ्या मंडळींचा खर्च निराळा. ॲरिझोनातील संस्था संपूर्ण देहासाठी दोन लाख डॉलर वा त्याहूनही अधिक मागते. एवढी रक्कम रोख असणारे थोडे. म्हणून बहुतेक सभासद आयुष्याचा विमा उतरवितात आणि त्याची रक्कम मृत्यूनंतर संस्थेला मिळावी असे लिहून देतात. जो विमा एरवी पत्नी व मुले यांच्यासाठी उतरवावयाचा, तो येथे स्वतःच्या देहासाठी उतरविला जातो. घरच्यांची तरतूद आधी करून मग कोणी असे करील तर त्याला दोष देता येणार नाही. पण हा क्रम उलटा झाला तर तो गृहस्थधर्म नव्हे.

दुसरी गोष्ट वेळेची. वैद्याने मृत्यू जाहीर करण्यापूर्वी कायद्याने काहीही आरंभिता येत नाही, आणि जाहीर होताच क्षणाचाही विलंब परवडत नाही. देह बर्फात ठेवावयाचा, छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवावयाचे, मग रक्त काढून त्या जागी बर्फाचे स्फटिक होऊ न देणारे द्रावण भरावयाचे आणि शेवटी उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये देह ठेवावयाचा. मृत्यू अपघाती असला आणि शवचिकित्सेचा हुकूम झाला, किंवा घरातील एकाने ऐन वेळी हरकत घेतली, की सारे बेत कोलमडतात.

आणि यानंतरच खरी परीक्षा सुरू होते. नायट्रोजन उडून जात असतो. तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. बेडफर्ड यांच्या कुटुंबीयांनी १९८२ पर्यंत, म्हणजे कितीतरी वर्षे, हे काम स्वतः चालविले आणि मग तो देह संस्थेच्या स्वाधीन केला. सर्वांच्या वाट्याला अशी माणसे आली नाहीत. कॅलिफोर्नियातीलच चॅट्सवर्थ येथील एका स्मशानभूमीच्या तळघरात ठेवलेले नऊ देह पैशाअभावी नायट्रोजन न मिळाल्यामुळे वितळून नासले. ते १९७९ साली उघडकीस आले. कित्येक नातेवाइकांनी पैसे देणे थांबविले होते. त्यांना तरी निष्ठुर कसे म्हणावे? जिवंतांची पोटे भरून उरेल त्यातूनच मृतासाठी द्यावयाचे असते. जो मनुष्य मृत्यूवर मात करू पाहतो, तो अखेर ज्यांना त्याने कधी पाहिलेलेही नाही अशांच्या निष्ठेवर स्वतःला सोपवितो.

२०१६ सालच्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये एक चौदा वर्षांची मुलगी दुर्मिळ कर्करोगाने मरणपंथाला लागली होती. न्यायालयाने तिचे नाव गुप्त ठेवले. देह गोठवून अमेरिकेत ठेवावा, अशी तिची इच्छा होती. आई अनुकूल होती. विभक्त झालेल्या वडिलांचा प्रथम विरोध होता. मुलीने न्यायाधीशांना पत्र लिहून कळविले की, आपल्याला आणखी जगावयाचे आहे. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन रुग्णालयात जाऊन तिला भेटले. हे शास्त्र खरे की खोटे हा निर्णय त्यांनी दिला नाही. निर्णय आईने घ्यावा एवढेच ठरविले. ते ऐकून मुलीला समाधान वाटले, आणि थोड्याच दिवसांत ती गेली.

वडिलांनी जी शंका काढली होती ती ध्यानात घेण्याजोगी आहे. दोनशे वर्षांनी ती जागी झालीच, तर तिचे कोण असेल? परक्या देशात, चौदा वर्षांची, एकटी. देह टिकविता येईल. पण हाक मारताच ओ देणारी आई कोठून आणावयाची? पुढे वडिलांनीही मुलीच्या इच्छेला मान दिला.

या प्रकरणातील सर्वांत दुःखाची गोष्ट मात्र निराळीच आहे. शेवटच्या दिवशी आई मृत्यूनंतरच्या व्यवस्थेत इतकी गुंतली होती की मुलीजवळ पूर्णपणे राहणे तिला साधले नाही, असे रुग्णालयाने न्यायालयाला कळविले. देह नेणाऱ्या मंडळींची तयारीही अपुरी होती. त्या माउलीला बोल लावणे पाप होईल. लेकीने मागितले तेच ती करीत होती. पण अंतकाळी चित्त कोठे जडते याला गीतेचा आठवा अध्याय केवढे महत्त्व देतो! तो काळ मरणाऱ्याचा असतो तसा त्याच्या उशाशी बसणाऱ्यांचाही असतो.

क्रियेचा प्रश्न आहेच. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांची प्रतिमा करून दहन करण्याचा विधी धर्मशास्त्रात आहे. पण येथे देह आहे, मात्र अग्नीला द्यावयाचा नाही. मग पुत्राने सुतक केव्हा धरावे आणि श्राद्ध कोणत्या मनाने करावे? पिता गेला असे म्हणावे तर आशा मोडते. गेला नाही असे म्हणावे तर शोकालाही वाट नाही. सही करण्यापूर्वी पित्याने हा प्रश्न पुत्रासमोर बसून काढला पाहिजे. वकिलाच्या कचेरीत तो सुटावयाचा नाही.

एवढे करूनही ज्याचा निश्चय ढळणार नाही, त्याने बर्फ, गाडी, कागद आणि दूरध्वनी ही सर्व कामे एखाद्या स्नेह्यावर आधीच सोपवून ठेवावी, आणि पत्नीला व मुलांना त्या दिवशी केवळ जवळ बसू द्यावे.