विश्वास 'ठेवायचा' असतो

तुम्ही एखाद्या ख्रिस्ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये असाल, तर एक फॉरवर्ड तुमच्यापर्यंत कधी ना कधी आलाच असेल. बायबलमध्ये 'भिऊ नको' हे शब्द बरोबर ३६५ वेळा येतात, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकदा. खाली उगवत्या सूर्याचा फोटो, एक पांढरं कबुतर आणि 'आमेन लिहून पुढे पाठवा'.

हे खरं नाही. मोजायला बसलं तर आकडा ३६५च्या बराच खाली राहतो. तरीही हा मेसेज दरवर्षी नव्याने फिरतो, आणि तो पाठवणाऱ्यांना हसावंसं मला वाटत नाही. रोज एकदा तरी कोणीतरी 'भिऊ नको' म्हणावं असं ज्याला वाटतं, त्याला रोज कसलीतरी भीती वाटत असणार. आणखी एक गोष्ट. बायबलमध्ये हे शब्द कोणाला सांगितले जातात ते पाहा. अब्राहामाला, मरियेला, रात्री मेंढरं राखत बसलेल्या मेंढपाळांना. हे सगळे घाबरलेले होते, किंवा घाबरावं असंच काहीतरी त्यांच्यासमोर उभं होतं. निर्धास्त माणसाला 'भिऊ नको' म्हणायची वेळ कोणावरच येत नाही.

आपल्या मंडळ्यांमध्ये मात्र हेच शब्द थोडे वेगळे वापरले जातात. परीक्षेचा निकाल, आईच्या बायॉप्सीचा रिपोर्ट, गेलेली नोकरी, यांपैकी कशाचीही भीती बोलून दाखवली की उपासनेनंतर कोणीतरी प्रेमाने खांद्यावर हात ठेवून म्हणतं, "प्रभूवर विश्वास आहे ना? मग भीती कशाला?" हेतू चांगलाच असतो. पण ऐकणाऱ्याच्या पदरात दोन ओझी पडतात. भीती होतीच; आता आपला विश्वास कमी पडला याची लाजही आली. पुढच्या रविवारी तो 'कसा आहेस?' या प्रश्नाला 'प्रभूच्या कृपेने मस्त' एवढंच उत्तर देतो.

साक्ष द्यायची आपली पद्धतही अशीच आहे. साक्ष नेहमी भूतकाळात असते. मी व्यसनात होतो, प्रभूने सोडवलं. मी निराश होते, प्रभूने उभं केलं. अशा साक्षी खऱ्या असतात आणि त्यांनी अनेकांना आधार मिळतो. पण 'मी अजून व्यसनात आहे, कालच प्यायलो' असं माइकसमोर उभं राहून कोणी म्हणत नाही. म्हटलंच तर पुढे काय करायचं, हे कोणाला ठाऊक नसतं.

म्हणून हा प्रश्न नीट विचारायला हवा. भीती, लाज आणि संशय हे विश्वासाचे शत्रू आहेत का? ते मनात असताना माणूस देवावर विश्वास ठेवू शकतो का?

मराठी भाषेने याचं उत्तर अर्धं देऊन ठेवलेलं आहे, असं मला वाटतं. आपण विश्वास 'ठेवतो'. 'श्रद्धा' या शब्दातही 'धा' हा ठेवण्याचाच धातू आहे. ठेव म्हणजे आपल्याजवळचं काहीतरी दुसऱ्याच्या हाती सोपवणं. आता विचार करा, माणूस दागिने बँकेच्या लॉकरमध्ये कधी ठेवतो? घरात चोरी होईल अशी धास्ती असते तेव्हाच. ठेव ठेवायला आधी निर्भय व्हावं लागत नाही. उलट भीती आहे म्हणूनच ठेवायची गरज पडते. बँकेकडे जाताना पाय थरथरत असले तरी ठेव ठेवच असते. विश्वास ही मनाची एक शांत अवस्था आहे असं मानलं, तर भीती आली की तो संपला. तो एक कृती आहे असं मानलं, तर भीतीच्या पोटातही ती करता येते.

गेथशेमाने बागेतला येशू आठवा. अटक होण्याआधीच्या त्या रात्री तो अत्यंत व्याकूळ झाला होता, असं शुभवर्तमानं सांगतात. मित्रांनी जागं राहावं अशी त्याने विनवणी केली. समोरचं दुःख टळावं म्हणून प्रार्थना केली, आणि शेवटी निर्णय पित्याच्या हाती सोपवला. भीती म्हणजे अविश्वास असेल, तर त्या रात्रीच्या येशूबद्दल आपल्याला काय म्हणावं लागेल? ख्रिस्ती माणसाने हा प्रश्न स्वतःला एकदा तरी विचारावा. मग दुसऱ्याच्या भीतीवर निकाल देताना जीभ जरा अडखळेल.

लाजेची गोष्ट भीतीपेक्षा अवघड आहे. अपराधाची जाणीव म्हणते, मी चुकीचं केलं. लाज म्हणते, मीच चुकीचा आहे. चुकीची भरपाई करता येते; आपण स्वतःच चूक असलो तर लपण्याशिवाय काय उरतं? उत्पत्तीच्या पुस्तकात फळ खाल्ल्यावर आदाम आणि हव्वा झाडांमध्ये लपतात. देव त्यांना प्रथम काय विचारतो, तर ते कुठे आहेत. आदाम उत्तर देतो त्यात तिन्ही गोष्टी एकत्र येतात: भीती, नागडेपणाची लाज आणि लपणं. देवापासून दुरावण्याची ही पहिली गोष्ट आहे, आणि तिच्यात माणूस पळून गेलेला नाही. तो जवळच आहे, फक्त झाडामागे.

पेत्राचंही असंच झालं. त्याने येशूला तीनदा नाकारलं हे सगळ्यांना माहीत असतं. कोणासमोर नाकारलं हे आपण विसरतो. पहिला प्रश्न विचारणारी एक दासी होती. कोणी तलवार उगारली नव्हती. थंडी होती, अंगणात लोक शेकत उभे होते, आणि कोणीतरी सहज विचारलं. मत्तयच्या सांगण्याप्रमाणे पेत्राच्या बोलण्याच्या ढंगावरूनही लोकांनी त्याला ओळखलं. आपल्याकडच्या तरुण ख्रिस्ती मुलामुलींना हे अंगण चांगलं परिचयाचं आहे. ऑफिसच्या कँटीनमध्ये आडनाव ऐकून कोणी विचारतं, "तुम्ही आधीचे कोण?" घर भाड्याने घेताना मालक गळ्यातल्या क्रॉसकडे बघतो. तिथे छळ होत नसतो. पण माणूस हसून विषय बदलतो, क्रॉस शर्टच्या आत जातो, आणि रात्री झोप येत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात एक बारीक तपशील आहे. पेत्र नाकारतो तेव्हा अंगणात कोळशाचा विस्तव पेटलेला असतो. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी येशू शिष्यांना भेटतो, तेव्हाही कोळशाचा विस्तव पेटलेला असतो आणि त्यावर मासळी असते. मूळ ग्रीकमध्ये या विस्तवासाठी असलेला शब्द अख्ख्या नव्या करारात याच दोन ठिकाणी येतो. पेत्राला त्याची चूक ऐकवली जात नाही. आधी न्याहारी होते. मग येशू त्याला प्रेमाबद्दल तीनदा विचारतो आणि तीनदा काम सोपवतो. लाज झाकली गेली नाही, तिच्या जागी पुन्हा नेलं गेलं. फरक इतकाच की यावेळी तिथे पेत्र एकटा नव्हता.

त्याच रात्री आणखी एक शिष्य कोसळला होता, यहूदा. त्याच्याबद्दल आपण फार झटकन बोलतो. मत्तय सांगतो की त्याला पस्तावा झाला. चांदीची तीस नाणी घेऊन तो याजकांकडे परत गेला आणि आपण पाप केलं हे त्याने तोंडाने कबूल केलं. याजक म्हणाले, त्याच्याशी आम्हाला काय करायचंय, तुझं तू बघ. त्यानंतर तो गेला आणि त्याने जीव दिला. दोघांच्या पापांची तुलना मी करत नाही. पण पेत्र रडल्यानंतरही बाकीच्या शिष्यांमध्ये राहू शकला, आणि यहूदा ज्यांच्यापाशी बोलला त्यांनी दार लावून घेतलं. देवावरचा विश्वास ही माणूस आणि देव यांच्यातली खाजगी बाब आहे असं म्हणणाऱ्यांनी हा फरक बघावा. कोणाची तरी लाज आपल्या दारात येऊन उभी राहते तेव्हा आपण याजक असतो की समुद्रकाठचा विस्तव, हा प्रश्न उरतोच.

आता संशय. थोमाला आपण 'संशयी' हे नाव चिकटवून टाकलं. त्याच्या गोष्टीतली मला आवडणारी जागा वेगळी आहे. बाकीच्यांनी प्रभूला पाहिल्याचं सांगितलं, थोमाने मानलं नाही, आणि आठ दिवसांनी तो त्याच खोलीत त्यांच्याबरोबर होता. त्याला कोणी हाकललं नाही. तोही उठून गेला नाही. न पटलेल्या गोष्टीसकट तो आठ दिवस तिथे बसून राहिला.

महाराष्ट्रात याचं सर्वांत मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन आणि इतर वडीलधाऱ्यांशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो आज छापील स्वरूपात वाचता येतो. त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, चर्चचा अधिकार अशा मूळ गोष्टींवर त्या प्रश्न विचारत राहिल्या. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती मान द्यायला त्या तयार नव्हत्या. सिस्टरना यात अहंकार दिसला. पण या प्रश्न विचारणाऱ्या बाईने पुढे काय केलं? १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली आणि बायका सोबत आणल्या, त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं केलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. ज्या ग्रंथावर त्यांनी प्रश्न विचारले, त्याच ग्रंथाच्या एकेका शब्दावर त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षं घालवली. प्रश्न विचारणं आणि जवळ राहणं या दोन्ही गोष्टी एकाच बाईला जमत होत्या.

मदर तेरेसांचं उदाहरण याहून अस्वस्थ करणारं आहे. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७मध्ये, त्यांची खाजगी पत्रं पुस्तकरूपाने आली. कामाच्या सुरुवातीच्या काळापासून अनेक दशकं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं, हे त्यातून जगाला कळलं. ती पत्रं नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. पण त्यातलीही एक गोष्ट लक्षात घ्या: मोजक्या मार्गदर्शक धर्मगुरूंना का होईना, त्यांनी ते सांगितलं होतं.

इथे एखादा न मानणारा मित्र म्हणेल, हे बरं आहे! भीती वाटली तरी विश्वास, संशय आला तरी विश्वास, देव जाणवलाच नाही तरी विश्वास. मग विश्वास नाही असं कधी म्हणायचं? आक्षेप रास्त आहे. कशानेच मोडत नाही अशा गोष्टीला अर्थ उरत नाही.

माझं उत्तर असं की विश्वास मोडतो, फक्त आपण समजतो त्या जागी नाही. माणूस खरं बोलायचं थांबतो तिथे तो मोडतो. 'देवावर सोडलं' म्हणत एखादा छातीतली गाठ डॉक्टरांना दाखवत नाही, नवऱ्याचा मार लपवते ती 'प्रभू बदलेल' म्हणते, लोन अ‍ॅपचं कर्ज घरी न सांगता मुलगा नुसती प्रार्थना करत बसतो. बाहेरून हे विश्वासासारखं दिसतं. आतून ते झाडामागे लपणंच आहे, हातात बायबल घेऊन. रमाबाईंनी दुष्काळात प्रार्थनाही केली आणि रेल्वेचं तिकीटही काढलं. डॉक्टर, समुपदेशक, पोलीस, पैशांचा खरा हिशेब यांच्याकडे जायला जो विश्वास अडवतो, तो तपासून बघावा. जो या सगळ्यांकडे जायचं बळ देतो, त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

आणि हो, ठेव ठेवली म्हणजे मनासारखंच होईल, असं वचन यात नाही. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती मुक्तीचं काम जायचं होतं, ती त्यांच्या आधी, १९२१मध्ये वारली. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं. शेवटी उजाडत नाही, आभार मानले जात नाहीत. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं गेलं, कारण ते देवाला उद्देशूनच म्हटलेलं आहे. काळोखात तोंड कोणाकडे वळलेलं आहे, हे पिढ्यान्‌पिढ्या ते म्हणत आलेल्या माणसांना पुरेसं वाटलं.

तेव्हा कोणी तुमच्याजवळ येऊन म्हणालं की मला भीती वाटते, मला माझीच लाज वाटते, मला देव आहे की नाही तेच कळेनासं झालंय, तर वचन शोधायला लगेच फोन काढू नका. त्या माणसाने एवढं बोलून त्याच्याजवळची सगळ्यात जड वस्तू तुमच्या हाती ठेवलेली असते. ती आधी नीट धरा. चहा टाका, शेजारी बसा, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन करा. आणि ते वाक्य तुमचंच असेल, तर ते वर्तमानकाळात एकाला तरी सांगा, आणि त्याच शब्दांत देवालाही. शेवट गोड झाल्यावरच साक्ष द्यायची असा नियम शुभवर्तमानात कुठेही नाही.